‘व्हय म्हाराजा’ म्हणण्याआधी

“विश्रामाक थोडां लागलां हा,” असा फोन आला, तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात माझ्या दुकानात बसून एका नवरीच्या ब्लाउजची बाही उसवत होते. फोन क्रशरवरच्या कोणाचा तरी होता, नाव सांगायची त्याची छाती झाली नाही. थोडं लागलंय! आमच्याकडे माणूस गेला की आधी त्याला थोडं लागतं, मग जरा जास्त लागतं, मग त्याला मोठ्या इस्पितळात हलवतात, आणि सगळे नातेवाईक गोळा झाले की मग कुठे तो मेलेला असतो. मी विचारलं, “शुद्धीवर आसा?” पलीकडून एवढंच, “बाय, तुमी येया.” मला कळायचं ते कळलं. समोरची नवरी विचारत होती, “बाय, उद्या मिळेल ना?” आणि मी तिला हो म्हटलं, हे मला आजही आठवतं आणि का म्हटलं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. खडीच्या क्रशरवर अपघाती निधन. तेव्हापासून ‘अपघात’ हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. वाऱ्याने आंब्याचं झाड उन्मळलं आणि खालून जाणाऱ्याच्या अंगावर पडलं, तर त्याला मी अपघात म्हणेन. पण यंत्राला कुलूप द्या म्हणून माणूस घसा कोरडा करून मागतो, ते त्याला देत नाहीत, आणि तो आत उतरलेला असताना यंत्र चालू होतं... याला अपघात म्हणणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं. विश्राम माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन काही आठवडे झाले. आता त्याच्याबद्दल चांगलं चांगलं लिहायचं असतं, असं मला पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलंय. लिहीन. पण माझ्या पद्धतीने लिहीन.

पहिलं म्हणजे, तो साधाभोळा वगैरे मुळीच नव्हता. मेल्यावर सगळ्यांना साधाभोळा करून टाकायची आपल्याकडे खोड आहे. विश्राम भांडकुदळ होता, मिजासखोर होता, आणि स्वतःच्या मिशीवर त्याचं बायकोपेक्षा जास्त प्रेम होतं. आमचं गाव नार्व्याच्या अंगाला, नदीकाठी. शाळेत असताना बापाचा शेतातला पंप त्याने खोलला आणि परत जोडल्यावर दोन नट उरले. बाप काठी घेऊन आला तर हा म्हणतो, “कंपनीन जास्त घातलेले.” पंप चालला, हेही खरं. जत्रेतल्या नाटकात त्याला दरवर्षी खलनायक हवा असायचा, कारण खलनायकाला तलवार आणि ओरडायला मिळतं. संवाद पाठ नसायचे. मग विंगेतून सांगणाऱ्यालाच तो भर रंगमंचावर दम द्यायचा, “मोठ्यान सांग रे, जेवूक नाय तुका?” आणि लोक हसून गडबडा लोळायचे. एवढा आवाज असलेला माणूस. त्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही म्हणून तो मेला, असं मला सांगतात. घ्या!

शाळा संपल्यावर तो खाणीच्या वर्कशॉपात शिकाऊ फिटर म्हणून लागला. तेव्हा डिचोलीत ज्याला हातपाय होते तो खाणीवर जायचा, नाहीतर ट्रकवर. तिथे मिंगेल मेस्त म्हणून एक म्हातारे फोरमन होते. त्यांनी याच्या कानाखाली पहिल्याच आठवड्यात एक ठेवून दिली, कारण हा पठ्ठ्या मेन स्विच बंद न करता खनिज वाहणाऱ्या पट्ट्याखाली शिरला होता. मग त्यांनी त्याला एक कुलूप दिलं. त्याचं स्वतःचं. यंत्राच्या आत जायचं असेल तर आधी स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, चावी खिशात टाकायची आणि मगच आत जायचं. बाहेर आल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मेस्तनेसुद्धा दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. विश्राम ते कुलूप घरी आणून मला दाखवायचा, नवीन जावई अंगठी दाखवतो तसा. मी म्हणायचे, “अरे, पितळेचां कुलूप तां, सोन्याचां न्हय!” तो म्हणायचा, “बाय, ह्यां माझ्या जीवाचां कुलूप.” मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

मग खाणी बंद पडल्या. त्या दिवसांचं मी काय नवीन सांगणार, डिचोलीतल्या घराघराने ते काढलेत. ट्रक अंगणात गंजले आणि पुरुषमाणसं नाक्यावर उभी राहायला लागली. विश्रामने इकडेतिकडे कामं केली, पेडण्याकडे बांधकामांवर वेल्डिंग केलं, आणि शेवटी आमच्याच भागातल्या डोंगरावरच्या खडीच्या क्रशरवर लागला. मालकाचं नाव मी लिहीत नाही. सगळे त्याला पात्रांव, म्हणजे धनी, म्हणतात, मीही तेच म्हणते. पात्रांव माणूस वाईट नाही, हीच तर अडचण आहे. देवळाच्या कामाला पहिला हात त्याचा. कामगाराच्या पोरीच्या लग्नात वाढायला उभा राहणार. कोणी आजारी पडलं तर स्वतःची गाडी पाठवणार. आणि बोलताना प्रत्येक वाक्यात एक शब्द: घरचं. “आपलां घरचांच काम.” “तुमी सगळीं घरचीं माणसां.” ऐकायला कसं गोड वाटतं! पण घरच्या माणसाकडे कोणी काही मागायचं नसतं, आणि घरच्या माणसावर कोणी नियम लावत नसतं. घरच्या घरात हेल्मेट कसलं, पट्टा कसला, आणि कुलूप तर कसलंच.

विश्रामने पहिल्या महिन्यातच कुलूप मागितलं. क्रशरचं जे मोठं तोंड असतं, ज्यात धोंडे पडतात आणि दोन लोखंडी जबड्यांत चिरडले जातात, त्यात मोठा धोंडा अडकला की पहार आणि साखळी घेऊन माणसालाच आत उतरावं लागतं. चालू करायचं बटण मात्र पलीकडच्या अंगाला केबिनमध्ये. तिथून आत कोण आहे ते दिसत नाही. पात्रांव म्हणाला, “बघूया.” या ‘बघूया’वर आमचा अर्धा गोवा चालतो. मग विश्रामने स्वतः बाजारातून कुलूप आणलं, यंत्राच्या विजेच्या पॅनेलच्या दाराला कडी वेल्ड केली, आणि धोंडा काढायला आत गेला. काम अर्ध्यावर आलं तेव्हा जेवणाची वेळ झाली. विश्रामसाहेब बाहेर आले, हात धुतले आणि कुलूप तसंच ठेवून चावी खिशात घालून घरी जेवायला गेले. काम पुरं झालेलं नव्हतं, म्हणजे कुलूप काढायचं नव्हतं, बस्स. इकडे ट्रकांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले. साईटचा मॅनेजर त्याच्या घरी माणूस पाठवतो, तर हा बांगड्याचे काटे काढत बसलेला. “जेवन झाल्यार येतंय म्हणान सांग.” शेवटी मॅनेजरने हॅक्सॉने कडी कापली.

संध्याकाळी पात्रांवाने त्याला बोलावून घेतलं. रागावला नाही, तो कधी रागावत नाही. हसून म्हणाला, “विश्राम, आपल्याच घरातल्या माणसांवर विश्वास नाय तुका? घरात कोण कोणाक कुलूप लावता रे?” आणि तिथेच माझा भाऊ हरला. दम दिला असता तर तो दुप्पट भांडला असता, मला ठाऊक आहे. पण विश्वास नाही का म्हटल्यावर त्याची मान खाली गेली. आमच्या माणसाला शिवी दिली तर तो उलटून पडतो, पण मालकाने खांद्यावर हात ठेवला की जीवसुद्धा काढून देतो. त्या दिवसापासून आत जाताना फक्त ओरडायचं असं ठरलं. “आत जातंय रे!” आणि बाहेर आल्यावर, “इलंय रे!” पूर्वी चालू करण्याआधी वाजवायला एक भोंगा होता, तो बिघडला आणि तसाच राहिला. तोंडाभोवती कठड्याची साखळी होती, ती धोंडे ओढताना अडते म्हणून कामगारांनीच काढून टाकली.

हो, कामगारांनीच. मी त्यांना सोडणार नाही. पात्रांवाने दिलेली हेल्मेटं होती, ती डोक्याला घाम येतो म्हणून खुंटीला टांगलेली असायची. एकात तर काजूच्या बिया साठवलेल्या मी स्वतः पाहिल्या, एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा. विश्रामही कमरेचा पट्टा लावत नसे. मी म्हटलं, “मेल्या, तुका मिंगेल मेस्तान शिकयलेलां खंय गेलां?” तर मिशीवर हात फिरवत म्हणाला, “बाय, एकट्यान पट्टो लावलो तर बाकीचे हसतत. आणि मागून मागून तोंड दुखलां गे माझां.” हे आमचं शेवटचं धड बोलणं. रविवार होता, तो माझ्याकडे जेवायला आला होता, सोलकढी तीनदा मागून घेतली. मला त्याच्यावर अजून राग आहे. कशाला थकलास रे तू मागायचा? नाटकातल्या माणसाला दम देणारा तू, स्वतःच्या जीवासाठी कोणाला वाईट वाटेल आणि कोण हसेल याचा विचार करत बसलास! पण राग येतो आणि मग असंही वाटतं, एकाच माणसाने किती वेळ एकट्याने भांडायचं? भांडायचं काम त्याचं होतं का? यंत्र त्याचं नव्हतं, धंदा त्याचा नव्हता.

त्या दिवशी काय झालं ते मला दत्तारामने सांगितलं. दत्ताराम दोडामार्गकडचा, विश्रामच्याच वयाचा, केबिनमध्ये बटणावर असायचा. दोघांची अशी दोस्ती की एकाच्या डब्यातली भाजी दुसऱ्याने खायची. सकाळी मोठा धोंडा अडकला. विश्राम ओरडून आत उतरला. खाली ट्रक उभे होते, आणि मॅनेजर केबिनच्या दारात येरझाऱ्या घालत होता. थोड्या वेळाने त्याने वर पाहिलं, तोंडाच्या काठापाशी, विश्रामच्या डोक्यावर होतं तसलंच, एक पिवळं हेल्मेट हलताना दिसलं. ते दुसऱ्याच कोणाचं होतं. मॅनेजर म्हणाला, “वयर इलो तो. चालू कर.” दत्ताराम म्हणाला, “हाक मारतंय आधी.” त्याने हाक मारली, “विश्राम, इलंस रे?” उत्तर आलं नाही. खाली ट्रकांची इंजिनं धडधडत होती. मॅनेजर म्हणाला, “अरे, मी डोळ्यान बघलंय मरे! दाब!” आणि दत्तारामने दाबलं.

यापुढचं मी लिहिणार नाही. सुलभाने, माझ्या भावजयीने, त्याचा चेहरा पाहिला नाही. मी पाहिला. तिला बघू दिलं नाही ते बरं केलं असं सगळे म्हणतात, पण ती मला अजून विचारते, “बाय, मिशी तशीच होती?” आणि मी हो म्हणते.

आता खरी गंमत ऐका. बाराव्याला पात्रांव आला. डोळे लाल, खरेच लाल, नाटक नव्हतं. सुलभासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, “राखणदार कोपलो गे. यंदा रोट चुकलो आमचो.” आमच्या भागात प्रत्येक डोंगराला राखणदार असतो, हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको. पावसाळा संपून काम सुरू करताना त्याला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, आणि नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग यंत्राला हात लावायचा. यंदा नवीन पॅनेल बसवायच्या घाईत ते मागे राहिलं होतं. झालं! बसलेली सगळी माणसं माना डोलवायला लागली. “तरीच.” “म्हटलां मी, असां कसां झालां.” कोणाच्या तरी स्वप्नात काठी आणि घोंगडीवाला म्हातारा आला होता म्हणे. एका क्षणात कुलूप गेलं, भोंगा गेला, मॅनेजर गेला, सगळं डोंगरावरच्या देवाच्या अंगावर गेलं. आणि जे उरलं ते दत्तारामच्या अंगावर. कारण पोलिसांना देव चालत नाही, त्यांना बटण दाबणारं बोट लागतं. दत्तारामला रोज चौकीवर बोलावून बसवून ठेवत होते. मॅनेजरने सांगून टाकलं होतं, मी काही बोललोच नाही, याने आपल्या मनाने दाबलं. बाकीचे कामगार म्हणत होते, आमचं लक्ष नव्हतं.

मी नास्तिक नाही, हे स्पष्ट सांगते. दुकान उघडताना मीसुद्धा राखणदाराचं नाव घेते. आमच्या आजोबांना रानात वाट चुकल्यावर त्यानेच काठी आपटत गावच्या वेशीपर्यंत आणून सोडलं, हे ऐकत मी मोठी झाले. म्हणून तर माझ्या अंगाची आग झाली. अहो, जो अंधारात माणसाला घरी पोचवतो, तो एका रोटासाठी माझ्या भावाला चिरडेल? आपली हयगय झाकायला देवाच्या नावावर खून घालता? मी तिथेच बोलणार होते, पण सुलभाने माझा हात दाबला. मला वाटलं, तिलाही ते पटलं असेल. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

क्रशर परत सुरू करण्याआधी पात्रांवाने राखणदाराचं मोठं गाऱ्हाणं ठेवलं. घरची माणसं म्हणून आम्हाला बोलावणं. त्यानंतरच्या आठवड्यात कारखान्यांच्या सुरक्षेचा निरीक्षक कामगारांचे जबाब घ्यायला यायचा होता, आणि कोण काय बोलणार ते जवळजवळ ठरलेलं होतं. आम्ही गेलो. डोंगराच्या बगलेला भेडल्या माडाखाली राखणदाराचा दगड आहे, त्याच्यापुढे केळीच्या पानावर रोट ठेवलेले. सगळे कामगार चपला काढून उभे. पात्रांव हात जोडून पुढे. दत्ताराम पार मागे, एका झुडपाला धरून. गावचे भिकाजीकाका गाऱ्हाणं घालतात, त्यांनी नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा! ह्या डोंगराच्या राखणदारा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे एकवट झाली हत. यंदा तुझो रोट चुकलो, तुझो मान चुकलो, तेका लागान तू रागावलंस आणि आमचो एक माणूस घेतलंस. ता चुकला माकला पोटात घाल, आणि पात्रांवाचो ह्यो धंदो सुखरूप चलय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका आवाजात ओरडले. आमच्याकडे गाऱ्हाण्याला असं ओरडावंच लागतं. सगळ्यांनी होय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, आणि एकदा होय म्हटलं की त्या नारळावरचं बोलणं कोणी फिरवत नाही. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. काका नारळ ठेवायला वाकले, तेवढ्यात सुलभा पुढे झाली.

“काका, नारळ खाली ठेवा नको. माझां गाऱ्हाणां आसा.”

बाई गाऱ्हाण्यात बोलत नाही. काका गोंधळले, त्यांनी पात्रांवाकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाला, “वयनी, मागीर बोलूया.” सुलभाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जन्मात तिने मोठ्याने हाक मारलेली मी ऐकली नव्हती, घरातला सगळा आवाज विश्रामचाच असायचा. ती दगडाकडे तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि बोलली.

“बा राखणदारा, तुझ्यावर खोटो आळ घातल्यानी. माझ्या घोवाक तू मारूक नाय. माझ्या घोवान यंत्राक कुलूप मागलेल्यान, ता तेका दिल्यानी नाय. भोंगो बिघाडलो, तो कोणी दुरुस्त करूक नाय. दत्तारामभावोजींनी हाक मारली, आणि दाब म्हणान दुसऱ्यान सांगल्यान. ह्यां जर खरां आसात, तर हे सगळे तुझ्यासमोर व्हय म्हणतले. आणि खोटां आसात, तर माझी जीभ झडान जावंदे रे म्हाराजा!”

 रोटांवर माश्या बसत होत्या त्या दिसत होत्या मला. एकेकाचा चेहरा मी बघत गेले, आणि एकेकजण पायाखालची खडी बघत होता. खोटं बोलायला यांना पोलिसांसमोर काही वाटलं नव्हतं, निरीक्षकासमोरही वाटलं नसतं. पण इथे काकांच्या हातात नारळ होता आणि समोर दगड. आता गप्प राहिलं तरी तेही देवासमोरच गप्प राहणं. मला ओरडायचं होतं, पण माझ्या होय म्हणण्याला काय किंमत, मी तिथे नव्हते... वाट बघणं भाग होतं.

“व्हय म्हाराजा.” झुडपापाशी दत्ताराम म्हणाला. आवाज फाटलेला. मग खडी भरणारा एक म्हातारा म्हणाला. मग ज्याचं ते पिवळं हेल्मेट होतं तो. मग दोघेतिघे एकदम. ओरडणं नव्हतं ते, पहिल्यासारखं. जो तो आपापलं म्हणत होता. भिकाजीकाकांनी पुन्हा पात्रांवाकडे पाहिलं, पण रीत म्हणजे रीत, सुरू झालेलं गाऱ्हाणं पुरं करावंच लागतं. त्यांनी नारळ वर धरला आणि म्हणाले, “तर ह्या बायचां गाऱ्हाणां आयक, आणि खऱ्याक खरां उभां कर रे म्हाराजा!” या वेळी ‘व्हय म्हाराजा’ने डोंगर घुमला. मॅनेजर फोन कानाला लावून कधीच खाली निघून गेला होता. पात्रांवाचे हात जोडलेले होते, तोंड मात्र मिटलेलं.

पुढच्या आठवड्यात निरीक्षक आला. नारळावर होय म्हटलेलं कोणाला फिरवता आलं नाही. सगळ्यांनी तेच सांगितलं, कुलूप, भोंगा, मॅनेजरचा हुकूम. स्वतः साखळी काढली तेही सांगितलं, आणि हेल्मेटातल्या बियांचंही. निरीक्षक शांत माणूस होता. त्याने मला समजावलं, कायद्यात कामगाराचीही जबाबदारी लिहिली आहे, दिलेलं साधन वापरायचं, काढून टाकायचं नाही. पण माणूस आत असताना यंत्र चालूच होऊ शकणार नाही, ही व्यवस्था करायची जबाबदारी मालकाची, आणि ती विश्वासावर किंवा ओरडण्यावर सोडता येत नाही. मी म्हटलं, “हेच तर तो सांगत होता, तुमच्याआधी.” क्रशरला टाळं लागलं. खटल्यात आता पात्रांवाचं नाव आहे, मॅनेजरचं आहे. दत्तारामला रोज बसवून ठेवणं थांबलं. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि फार आशा लावून बसायला मी काल जन्मलेली नाही.

बंद क्रशरमुळे ज्यांचं काम गेलं त्यांच्यातले काही आता माझ्या दुकानावरून तोंड फिरवून जातात. एकजण पावाच्या दुकानात मला ऐकू जाईल असं म्हणाला, “एकाच्या मरणान दहा घरांच्या चुली विझयल्या.” मी तिथल्या तिथे त्याला विचारलं, “बाबा, पुढच्या वेळी आत तू उतरणार आहेस ना? मग तुझ्या बायकोला काय सांगायचं ते आत्ताच सांगून ठेव.” तो उंडे पाव घेऊन चालता झाला. त्याचं घर अडचणीत आहे, मला कळतं. पण एक कुलूप आणि एक भोंगा लावून क्रशर चालत नाही का? तो चालवायचा नाही असं आम्ही कधी म्हटलं? ते विचारायचं तर पात्रांवाला विचारा की!

पात्रांव मध्यंतरी दुकानात आला होता. उभाच राहिला. म्हणाला, “शालनबाय, मी तेका घरचो मानलेलंय. तुमी माका कोर्टात उभो केल्यात.” मी शिलाई थांबवली नाही. म्हटलं, “तुमचो पोटचो झील त्या तोंडात उतरलेलो असतो, तर बटणाक कुलूप लावल्याशिवाय तुमी केबिनपासून हलला असता?” तो म्हणाला, “नाय.” आणि गेला. खरं बोलला, याचं मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखीच राग आला. इतकं सोपं उत्तर त्याला आधीपासून येत होतं.

सुलभाकडे मी आता रोज संध्याकाळी जाते. घराच्या दाराला विश्रामनेच बसवलेली बेल आहे, दाबली की कोंबडा आरवतो. असली बेल फक्त त्यालाच सुचणार. पोस्टमन दाबतो, गॅसवाला दाबतो, शेजारची पोरं तर मुद्दाम दाबून पळतात, आणि दर वेळी सुलभा हसते आणि मग दार उघडायला उठते. दत्तारामही येतो, दोडामार्गहून बस बदलून, कधी नाचण्याचं पीठ घेऊन, कधी नुसताच. तो बेल दाबत नाही. बेल कशी वाजते ते त्याला माहीत आहे, ती बसवताना विश्रामने त्यालाच मदतीला घेतलं होतं. तो पायरीखाली उभा राहतो आणि हाक मारतो, “वयनी, आसास?” आतून उत्तर यायला कधी उशीर होतो. ती विहिरीवर असते, नाहीतर मिक्सर चालू असतो. तो पुन्हा हाक मारत नाही आणि पायरीही चढत नाही. आतून “आसा, ये” असं स्वच्छ ऐकू येईपर्यंत तो तिथेच, हात मागे घेऊन, उभा असतो.